अक्सरायचा गालिचा, गोदाकाठची घोंगडी

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३० च्या दशकाच्या आरंभी अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, हिंडत होता. तिथे अक्सराय या गावी मेंढीच्या लोकरीचे गालिचे विणले जात. त्या गालिच्यांची त्याने मोकळ्या मनाने तारीफ केली आहे. असा माल दुसऱ्या कुठल्याच देशात होत नाही आणि तो शाम, मिसर, इराक, हिंदुस्थान, चीनपर्यंत जातो, अशी त्याची नोंद आहे. दहाएक वर्षांनी, १३४२ मध्ये, दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून चीनला निघालेला हाच माणूस दौलताबादेत उतरला. किल्ल्याखालच्या शहरात त्याने तरबाबाद नावाची गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची पेठ पाहिली. प्रत्येक दुकानात गालिचे अंथरलेले, मधोमध मोठा पाळणा, त्यात नटूनथटून बसलेली गायिका. पेठेच्या मध्यावर एक घुमट होता, तोही गालिच्यांनी सजवलेला. दर गुरुवारी तिथे गायकांचा प्रमुख येऊन बसे आणि एकामागून एक ताफे त्याच्यापुढे गात. ते गालिचे नेमके कुठून आले होते, हे बतूता सांगत नाही. पण अक्सरायचा माग पाहिलेले डोळे देवगिरीच्या पायथ्याशी अंथरलेला गालिचा पाहतात, आणि तेही एकाच प्रवासवर्णनात, हा योग आपल्या मुलखाच्या इतिहासात दुर्मीळ आहे.

दौलताबादेहून दक्षिणेला पैठणच्या वाटेला लागले की मध्ये बिडकीन येते. एका अंगाला देवगिरी, दुसऱ्या अंगाला पैठण, म्हणजे एका टोकाला दरबार आणि दुसऱ्या टोकाला महाराष्ट्रातले सर्वांत नावाजलेले विणकाम. मधल्या माळावर धनगरांची मेंढरे. गालिच्याला जे जे लागते ते सगळे या पन्नासेक किलोमीटरांच्या पट्ट्यात हजर होते: मेंढी, लोकर, माग जाणणारे हात, रंग जाणणारे हात आणि गालिचा विकत घेऊ शकणारा श्रीमंत. तरीही सातशे वर्षांत या पट्ट्यातल्या एकाही गावाची ओळख लोकरी गालिच्याचे गाव अशी झाली नाही. शब्द मात्र येऊन इथे घरचे झाले. गालिचा हा फारसी ‘काली’चा लहान भाऊ आहे, आणि त्या ‘काली’चा संबंध काही अभ्यासक पूर्व तुर्कस्तानातल्या एर्झुरुमच्या कालीकला या जुन्या नावाशी जोडतात. आपण एका जाजमावर बसून तंटे मिटवतो. ते जाजम म्हणजे फारसीतले ‘जाजिम’, तुर्की गावांतले ‘जिजिम’. मुळात मेंढपाळांच्या बायकांनी विणलेले लोकरीचे जाड कापड. मराठीत येता येता ते सुती झाले. शब्द आला, वस्तू आली, पण माग आला नाही. असे का झाले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

याचे ठरीव उत्तर असे दिले जाते की आपला मुलूख उष्ण, इथे गालिच्याची गरज काय. किंवा आपला मेंढपाळ गरीब आणि अडाणी, त्याला असली कला कुठून यावी. दोन्ही उत्तरे मला पटत नाहीत. पुरावा नीट मांडला तर दिसते ते वेगळेच. अनातोलियात मेंढी, चरखा, रंगाचे भांडे, माग आणि अंथरायची जमीन या पाचही गोष्टी एकाच बाईच्या ताब्यात होत्या. दख्खनमध्ये त्या पाच ठिकाणी विखुरल्या होत्या आणि त्यांना जोडणारा कुणी नव्हता. गालिचा हा कौशल्याइतकाच या जोडणीचा प्रश्न आहे. आणि ही गोष्ट जुन्या काळापुरती नाही. आज घोंगडी वाचवायची म्हणून जे बेत आखले जातात ते फसतात तेही याच ठिकाणी.

आधी तिकडचे घर पाहू. अनातोलियाच्या पठारावर आणि पश्चिमेकडच्या डोंगरांत भटक्या मेंढपाळांच्या टोळ्या होत्या. त्यांना युरुक म्हणत, म्हणजे चालणारे. बकऱ्याच्या काळ्या केसांचा तंबू, उंटांवर सामान, उन्हाळ्यात डोंगरावर आणि हिवाळ्यात सखल भागात मुक्काम. मेंढी बहुतेक अक्करमान किंवा तिच्यासारख्या जाड शेपटीच्या जातीची. तुर्कीत ‘अक’ म्हणजे पांढरा. अक्सराय म्हणजे पांढरा वाडा आणि अक्करमान म्हणजे पांढरी करमान. हा पांढरा रंग महत्त्वाचा आहे, कारण पांढऱ्या लोकरीवरच रंग बसतो. लोकर कातरली की घरातलीच बाई ती पिंजून कातायची, माळावरच्या मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांतून लाल काढायची, निळीतून निळा आणि रानफुलांतून पिवळा. मग दोन ओंडक्यांत ताणा भरायचा आणि गाठी मारायला बसायचे. तुर्की गाठ अशी असते: ताण्याचे शेजारचे दोन धागे धरायचे, रंगीत लोकर दोघांभोवती फिरवायची, तिची दोन्ही टोके दोघांच्या मधून वर काढायची, खाली ओढायची आणि सुरीने कापायची. एक ओळ पुरी झाली की आडवा धागा घालायचा आणि लोखंडी फणीने ठोकून बसवायचा. इंचाइंचाच्या चौकोनात अशा ८० गाठी धरल्या तरी चार बाय सहा फुटांच्या साध्या गालिच्याला पावणेतीन लाखांवर गाठी होतात. हे काम मजुरीने करवून घेतले तर कुणालाही परवडणार नाही. ते परवडत होते कारण ती मजुरी नव्हती. मुलीच्या रुखवताचे, तंबूतल्या जमिनीचे, आणि माणूस गेला की मशिदीला द्यायच्या दानाचे ते काम होते. हे दान पिढ्यान्‌पिढ्या चालले म्हणूनच जुने गालिचे टिकले. कोन्याच्या अलाउद्दीन मशिदीत १९०५ मध्ये तेराव्या शतकातले सेल्जुक गालिचे हाती लागले, ते असेच एकावर एक अंथरलेल्या थरांत राहिलेले. घरासाठी विणून उरले ते बाजारात गेले, आणि बाजार एवढा वाढला की १५३३ मध्ये हान्स होल्बाइनने दोन फ्रेंच राजदूतांचे चित्र काढले तेव्हा त्यांच्यामधल्या फडताळावर अनातोलियाचा गालिचा पसरलेला होता.

आता आपल्याकडे या. दख्खनी मेंढी काटक, लांब पल्ला चालणारी, कमी चाऱ्यावर तगणारी. तिचा रंग बहुतांशी काळा, कुठे काळ्यावर पांढरे ठिपके. लोकर जाड, केसाळ, आणि मेंढीमागे वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो. ती कातरायची वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा. पुढचा प्रवास मात्र एका घरात होत नाही. हटकर धनगर मेंढरे राखणार. धनगरीण सूत कातणार. विणणार तो सनगर, किंवा धनगरांतलाच खुटेकर, ज्याचे नावच मागाच्या खुंटावरून पडले आहे. ताण्याला चिंचोक्याची खळ लागते. चिंचोके भाजायचे, फोलपटे काढायची, भिजवून वाटायचे आणि शिजवून लापशी करायची. अंगणात लांब ताणलेल्या काळ्या सुतावर ती कुंच्याने चोपडायची आणि उन्हात वाळवायची. खळ बसली की केसाळ धागे एकमेकांत अडकत नाहीत आणि सूत तारेसारखे ताठ होते. मग ते खड्ड्याच्या मागावर चढते. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि धोटा फेकतो. कडेला पांढऱ्या लोकरीची किनार, बाकी सगळी घोंगडी मेंढीच्याच काळ्या रंगाची. तिला रंगाऱ्याची गरजच नाही. आणि या साखळीत बाईच्या वाट्याला कातणे आले, माग आला नाही. मला हा दोन मुलखांतला सर्वांत मोठा फरक वाटतो. युरुक बाई लोकर हातात घेतानाच ठरवू शकत होती की तिचे पुढे काय होणार. धनगरणीच्या हातातून सूत सुटले की ते परक्या दारी गेले, आणि तिथून आले ते कापड ठरलेल्या मापाचे, ठरलेल्या कामाचे.

हवामानाचा मुद्दा काढणाऱ्यांनी नकाशा पाहावा. मामलुकांच्या काळात कैरोत उत्तम गालिचे विणले जात, आणि कैरो काही थंड शहर नव्हे. इस्फहानचा उन्हाळाही काही सौम्य नसतो. आणि दख्खनमध्येच, बिडकीनपेक्षा अधिक तापणाऱ्या वरंगळात गालिच्याचे माग शेकडो वर्षे चालले. तेव्हा उष्णता हे कारण होऊ शकत नाही. हवामानाचा संबंध आहे तो उन्हाशी नसून पावसाशी आहे, आणि तेवढा मी मान्य करतो. गालिच्याला कोरडी जमीन लागते. युरुकाच्या तंबूत ती होती. आपल्या धनगराचा तळ म्हणजे शेतातला वाडा: रात्री मेंढरे जाळीत कोंडायची, माणसांनी उघड्यावर तीन दगडांची चूल मांडायची, सामान घोड्यावर. तंबूच नाही तर अंथरायचे कुठे? गावातल्या घराचीही जमीन शेणाने सारवलेली, पावसाळ्याचे चार महिने ओल धरणारी. उंच लवीचा गालिचा तिथे एका हंगामात कुजेल. अशा मुलखात लोकरीने काय काम करावे हे लोकरीनेच ठरवले. घोंगडी अंगावर घ्यायची, खाली टाकायची, तिच्यात धान्य बांधायचे, पोर निजवायचे, आणि पाऊस आला की एक कोपरा आत दुमडून तिची खोळ करून डोक्यावरून सोडायची. जाड केसाळ लोकर, तिच्या अंगचा चिकटपणा आणि घट्ट वीण यांमुळे पाणी वरच्या वर ओघळते; भिजून जड झाली तरी आत ऊब राहते. वाळायला मात्र ती दिवस घेते, म्हणून तर रेंगाळलेल्या कामाला आपण भिजत घोंगडे म्हणतो. ही वस्तू गालिच्याची गरीब बहीण नाही. तिचे काम वेगळे होते आणि त्या कामात तिने कुणापुढे हार मानली नाही.

अज्ञानाचा आरोप तर पैठणच्या वेशीवरच गळून पडतो. बिडकीनपासून पैठण एका दिवसाच्या पायी वाटेवर. तिथे रेशमावर मोर, कमळ, आसावली विणणारे हात होते. एकेका धाग्याचा हिशेब ठेवून नक्षी उभी करण्याचे गणित त्यांना गाठीच्या गालिच्याइतकेच अवघड होते आणि ते त्यांना येत होते. औरंगाबादेत सुताच्या ताण्यावर रेशमाची नक्षी उठवणारा हिमरू होता. मंजिष्ठा, आल, नीळ, हळद हे रंग गावोगावचे रंगारी आणि निळारी वापरत. म्हणजे रंग होता, नक्षी होती, ती उभी करण्याची अक्कल होती. हे सगळे गेले सुताकडे आणि रेशमाकडे, कारण तिथे गिऱ्हाईक होते आणि तिथला धागा रंग घेत होता. काळ्या लोकरीवर लाल चढत नाही. एवढी साधी गोष्ट आपल्या कलेच्या इतिहासात कुणी फारशी विचारात घेत नाही, पण माणसांच्या जाती जितक्या इतिहास घडवतात तितक्याच मेंढ्यांच्या जातीही घडवतात. शिवाय धनगराचे अर्थकारण लोकरीवर उभेच नव्हते. मेंढरे शेतात बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य घ्यायचे, कोकरे विकायची. लोकर ही वरकड. जिच्यावर पोट नाही तिच्यावर कुणी पिढ्या खर्च करत नाही.

इथे जाणकार वाचक मला अडवील, आणि त्याने अडवावेच. दख्खनचे गालिचे जगप्रसिद्ध होते, त्याचे काय? खरे आहे. जपानमधल्या क्योटो शहरात गिओन उत्सवाच्या रथांवर जे जुने गालिचे लावतात त्यांतले बरेच दख्खनचे, सतराव्या-अठराव्या शतकातले आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मच्छलीपट्टणच्या बंदरातून डच व्यापाऱ्यांनी ते पूर्वेला नेले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात वरंगळच्या गालिच्याने लोकांना थक्क केले होते. मग दख्खनी मेंढीच्या मुलखात गालिचा होत नव्हता, हे म्हणणे खोटे ठरत नाही का? माझ्या मते याच उदाहरणाने ते बळकट होते. एलुरूच्या विणकरांची परंपराच सांगते की त्यांचे पूर्वज इराणातून आले. वरंगळ आणि एलुरूचे माग बंदराच्या आणि दरबाराच्या मागणीवर उभे राहिले. लोकर निवडून, विकत घेऊन त्यांच्याकडे येत होती. वरंगळच्या तेलंगणातच काळी मेंढरे राखणारे कुरुमा मेंढपाळ होते. त्यांच्या घरात झाली ती गोंगडीच, आपल्या घोंगडीची सख्खी बहीण. एकाच जिल्ह्यात एकीकडे गालिचा आणि दुसरीकडे गोंगडी, आणि दोघांच्या मध्ये सातासमुद्रांइतके अंतर. कारागीर बाहेरून आला, गिऱ्हाईक बाहेरचे, मेंढपाळ तेवढा घरचा. आणि त्याच घरच्याला या धंद्यात जागा नव्हती. बंदर ओस पडले, दरबार बुडाला, तसे गालिच्याचे मागही बसले. अनातोलियात राजवटी बदलल्या, युरोपातली गिऱ्हाइके आली आणि गेली, तरी गावातला माग चालत राहिला, कारण पहिले गिऱ्हाईक विणणारीच होती. मराठवाड्यात तर बंदरही जवळ नव्हते. खडकीत मलिक अंबर आला, मग मोगल आले, शहराचे औरंगाबाद झाले, सुभेदारांच्या फर्राशखान्यात गालिच्यांच्या गुंडाळ्या आल्या. त्या लाहोर-आग्र्याकडच्या किंवा इराणी. बिडकीनच्या मेंढीचा एक केसही त्यांत असल्याचे दिसत नाही.

गाठीचा गालिचा मराठी मुलखात खऱ्या अर्थाने विणला गेला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तोही तुरुंगात. पुण्याजवळ येरवड्याचा तुरुंग १८७१ मध्ये उभा राहिला. इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या मोठ्या तुरुंगांत गालिच्याचे माग घातले होते, त्यांत येरवडाही आला. विजापूरच्या आसार महालातले जुने गालिचे समोर ठेवून तिथे नकला विणल्या गेल्या. आग्र्याच्या तुरुंगात तर व्हिक्टोरिया राणीच्या विंडसरच्या वाड्यासाठी एक प्रचंड गालिचा विणला गेला. १८९४ मध्ये तो तिथे पोहोचला आणि वॉटर्लू दालनात अंथरला गेला. सरकारचा हिशेब सरळ होता. कैद्याचे हात फुकट, वेळ अमाप, आणि विलायतेत मागणी. या प्रकाराविरुद्ध सर्वांत कडाडून बोललेला इंग्रज आपल्याच मुलखात जन्मलेला होता. जॉर्ज बर्डवुड हा मूळचा बेळगावचा, मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाशी वर्षानुवर्षे निगडित. १८८० च्या आपल्या ग्रंथात त्याने लिहिले की तुरुंगातल्या स्वस्त मालाने घराण्याने विणणाऱ्या कारागिराचे पोट मारले आणि नक्षीचा व रंगाचा दर्जा रसातळाला नेला.

बर्डवुडला जुन्या कारागिराविषयी जो उमाळा होता तो मला मान्य आहे, पण त्याचे निदान अपुरे वाटते. निदान महाराष्ट्रात तरी तुरुंगाने मारायला गावात गालिच्याचा माग होताच कुठे? येरवड्याने दुसरेच काही सिद्ध केले: मराठी हाताला गाठ येते. विणकामाशी आयुष्यात संबंध न आलेला शेतकरी, मजूर, दरोड्यात सापडलेला तरुण, यांनी काही महिन्यांत विजापुरी नक्षी विणून दाखवली. हात कमी पडतात, हा आक्षेप येरवड्यानंतर उरत नाही. तुरुंगाची बाजू घेणारे म्हणतील की कैद्याला हुन्नर मिळाला, सुटल्यावर त्याने पोट भरावे. पण सुटलेल्या माणसाजवळ काय होते? ना माग, ना रंगीत लोकर, ना सहा महिने एका गालिच्यावर बसायची ऐपत, ना व्यापाऱ्याशी ओळख. त्याच्या बोटांत जे आले ते दारापाशीच गळाले. अनातोलियाची बाई ज्या पाच गोष्टी घरात बाळगून होती, त्यांतली एकही तुरुंगाने कैद्याला दिली नाही; दिली ती फक्त हाताची सवय. बाकी सगळे सरकारच्या ताब्यात राहिले. म्हणून इतकी वर्षे माग चालूनही येरवड्याच्या भिंतीबाहेर गालिच्याचे एक गाव वसले नाही.

तुर्कस्तानातही सगळे सुरळीत राहिले असे समजू नये. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने डांबरापासून जांभळा रंग काढला आणि पुढच्या काही दशकांत रासायनिक रंगांचे पुडे अनातोलियाच्या बाजारांत पोहोचले. बाईने मुळे खणायचे सोडले. इझमीरच्या मोठ्या युरोपी कंपन्या सूत, रंग, नक्षीचा कागद सगळे गावात नेऊन देऊ लागल्या आणि गावाकडे उरली ती गाठीची मजुरी. म्हणजे आपल्याकडे जी फाळणी आधीपासून होती ती तिकडे धंद्याने नव्याने केली, आणि परिणाम तोच झाला: रंग विटले, नक्षी ढिली झाली, बाईचे मन उडाले. यावर उपाय शोधणारा माणूस होता जर्मन रसायनतज्ज्ञ हेराल्ड ब्योमर. इस्तंबूलमध्ये शिकवत असताना त्याने जुन्या गालिच्यांतले रंग तपासून कुठला रंग कुठल्या झाडाचा ते ओळखले, आणि १९८१ मध्ये मारमारा विद्यापीठाच्या साहाय्याने ‘दोबाग’ नावाचा प्रकल्प सुरू केला. आयवाजिक आणि युंतदाग या डोंगरी भागांत. युंतदागला बायकांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली. या प्रकल्पाने नवी नक्षी शिकवली नाही, हे लक्षात घ्यायला हवे. नक्षी बायकांना येतच होती. त्याने रंगाचे भांडे परत त्यांच्या चुलीवर ठेवले, लोकर त्यांच्याच मेंढ्यांची घेतली आणि गालिच्याच्या विक्रीचा पैसा मधल्या माणसाला टाळून त्यांच्या हाती दिला. पुढे त्यालाही ओहोटी लागली, मुली शहरांकडे गेल्या, हे खरे. पण एका पिढीपुरते तरी त्याने दाखवून दिले की तुटलेली साखळी जोडता येते, आणि ती लोकरीच्या टोकाकडून जोडावी लागते.

आपण नेमके उलट केले. मुंबई इलाख्याच्या काळापासून आपल्या मेंढीला सुधारायचे म्हणून परदेशी नर आणले गेले. स्वातंत्र्यानंतर मेरिनो आणि रॅम्बुले जातींशी संकर करण्याचे प्रयोग झाले. हेतू चांगला होता: गिरणीला लागेल अशी पांढरी, मऊ लोकर मिळावी. पण ती मऊ लोकर घेऊन मेंढीने वर्षाला शेकडो मैल चालायचे, जूनच्या पावसात भिजायचे आणि एप्रिलच्या उन्हात खुरटे गवत शोधायचे, याचा विचार प्रयोगशाळेत झाला नव्हता. मेंढपाळाने संकरित मेंढी फारशी स्वीकारली नाही. दरम्यान गिरणीचे ब्लँकेट आणि सोलापुरी चादर खेड्यात पोहोचली, प्लास्टिकचा कागद खोळीच्या जागी आला, आणि लोकरीचा भाव पडला. मग मेंढपाळाने स्वतःच निर्णय घेतला तो मांसाच्या बाजूने. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी उंच, वजनदार, अंगावर लोकर थोडी. तिच्या नरांना आज बाजारात मोठी किंमत येते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोल मेंढीचे जनुक दख्खनी मेंढीत आणून जुळी कोकरे देणारी ‘नारी सुवर्णा’ तयार केली. तो खरोखर मोठा शास्त्रीय पराक्रम आहे आणि त्यातून मेंढपाळाच्या हाती पैसा आला. मी या निर्णयांना दोष देत नाही. पोट ज्यावर चालते तिकडे माणूस जाणारच. पण त्याचा अर्थ असा की घोंगडी विणायला शिकवणारी शिबिरे कितीही भरवली आणि पिशव्या, पायपुसण्या, टोप्या अशा नव्या वस्तू कितीही काढल्या, तरी त्यांच्या मुळाशी जी काळी लोकर हवी तिचा उगमच आटतो आहे.

यावर एक व्यवहारी आक्षेप येईल: जे बाजाराने टाकून दिले ते सरकारने का जपावे? मी भावनेने उत्तर देणार नाही, जरी बिरोबाच्या, खंडोबाच्या आणि विठ्ठलाच्या कथांत घोंगडी पांघरलेला मेंढपाळ किती खोल शिरला आहे हे रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर या अभ्यासकांनी सविस्तर दाखवले आहे. व्यवहारच पाहू. दख्खनी लोकर जाड आहे, ती अंगाला टोचते, कपड्याला चालत नाही. पण जमिनीवर अंथरायच्या वस्तूला जाड आणि चिवट धागाच लागतो. कोल्हापूर-बेळगावकडचे धनगर त्याच लोकरीचे जेन नावाचे जाड अंथरूण पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. आज घरांत फरशी आहे, ती बारा महिने कोरडी असते. सातशे वर्षांपूर्वी गालिचा या मुलखात न रुजायचे जे एक कारण होते, कोरड्या जमिनीचा अभाव, ते आता संपले आहे. काळा, तपकिरी, करडा, पांढरा एवढे रंग मेंढीच्याच अंगावर आहेत, म्हणून रंगाऱ्याचा प्रश्नही उरत नाही. उरते ती लोकर गोळा करणे, निवडणे, धुणे, पिंजणे आणि कातणाऱ्या बाईला सुतापुढे मागापर्यंत नेणे.

आणि हे काम कुठे करायचे याचे उत्तर बिडकीनच्या आसपासच पडलेले आहे. दौलताबादच्या वाटेवर पडेगावला पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे. पैठणला माग आहेत. आणि मध्ये बिडकीनला ७,८५५ एकरांचे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले आहे, सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे राष्ट्रार्पण झाले. तिथे मोटारींचे मोठमोठे कारखाने येण्याच्या तयारीत आहेत. त्या एकरांतले फक्त दोन एकर लोकर धुण्या-पिंजण्याच्या एका सार्वजनिक शेडला मिळावेत, तिची मालकी मेंढपाळ आणि कातणाऱ्या बायकांच्या सहकारी संस्थेकडे असावी, आणि पडेगावच्या प्रक्षेत्रावर काळ्या लोकरीच्या दख्खनी मेंढीचा एक कळप केवळ लोकरीसाठी राखावा, अशी माझी मागणी आहे. घाई याचसाठी की आज कित्येक मेंढपाळ कातरणाऱ्याला पदरची मजुरी देतात आणि कातरलेली लोकर गिऱ्हाईक नाही म्हणून बांधावर टाकून पुढच्या शेताकडे निघतात.